फळ्यासमोरची भीती

नेसरी हे नाव उच्चारले की कोल्हापूर जिल्ह्यातील माणसाला प्रतापराव गुजर आठवतात. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी, महाशिवरात्रीच्या दिवशी, स्वराज्याचे हे सरसेनापती अवघ्या सहा साथीदारांसह बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि सातही वीर धारातीर्थी पडले. गडहिंग्लज तालुक्यातील या खिंडीची कथा इथली मुले अक्षरओळख होण्यापूर्वीच ऐकतात. शौर्याचा असा वारसा ज्या मातीला लाभला, तिथे ‘भित्रा’ हा शब्द साधा राहत नाही. तो ज्याला चिकटतो त्याला तो शिवीसारखा लागतो. म्हणूनच या परिसरातील एखादे मूल फळ्यासमोर उभे राहताना थरथरते, तेव्हा ते आपली भीती सांगत नाही. ते म्हणते, पोट दुखते आहे.

ते खोटे बोलत नसते. पोट खरोखरच दुखत असते. धोक्याची चाहूल लागताच शरीराने पळण्यासाठी किंवा झुंजण्यासाठी सज्ज व्हावे, ही निसर्गाची योजना आहे. हृदयाची धडधड वाढते, श्वास उथळ होतो, हातपाय गार पडतात, तोंडाला कोरड पडते आणि पचनाचे काम मंदावून पोटात गोळा येतो. वाघ समोर आला तर ही व्यवस्था प्राण वाचवते. परंतु वाघाच्या जागी सतराचा पाढा असला, तरी घाबरलेल्या मेंदूला तो फरक तत्काळ कळत नाही. शिवाय हातातील काम करण्यासाठी लागणारी तात्पुरती स्मृती त्या क्षणी काळजीनेच भरून गेलेली असते. घरी आजीसमोर घडाघड म्हटलेला पाढा वर्गात आठवत नाही तो याच कारणाने. शिक्षकांना वाटते अभ्यास केला नाही, पालकांना वाटते वर्गात लक्ष नाही आणि मुलाला स्वतःला वाटते की आपण ‘ढ’ आहोत. तिन्ही निष्कर्ष चुकीचे असूनही तिघेही त्यांवर ठाम असतात.

चिंताग्रस्त मुलाची खरी अडचण ही की ते कोणाला त्रास देत नाही. बाके वाजवणारा, भांडणारा, वर्गातून पळणारा मुलगा शिक्षकांच्या नजरेत भरतो. खाली मान घालून बसणारी, खोडरबराने वही फाटेपर्यंत अक्षर पुसणारी, प्रश्न विचारला की पायाच्या अंगठ्याकडे पाहणारी मुलगी मात्र ‘गुणी’ ठरते. पालकसभेत तिच्याविषयी ‘शांत आहे, थोडे बोलायला हवे’ एवढेच सांगितले जाते. वर्षामागून वर्षे तिचा अबोला प्रगतिपुस्तकात शिस्त म्हणून नोंदला जातो.

अशी मुले किती असावीत? बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांमध्ये कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला. त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, हे ध्यानात ठेवलेले बरे. तरीही तोच हिशोब धरला तर चाळीस मुलांच्या वर्गात अशी तीन मुले निघतात. ही झाली विकाराच्या पायरीला पोहोचलेल्यांची गोष्ट. साधे दडपण किती व्यापक आहे, ते एनसीईआरटीने २०२२ मध्ये सहावी ते बारावीच्या सुमारे ३ लाख ८० हजार विद्यार्थ्यांकडून घेतलेल्या माहितीत दिसते. अभ्यास, परीक्षा आणि निकाल ही आपल्या चिंतेची कारणे असल्याचे त्यांतील ८१ टक्के मुलांनी सांगितले.

घर, भाषा आणि स्पर्धा

नेसरीसारख्या गावातील मुलाच्या चिंतेला स्थानिक रंगही असतात. गडहिंग्लज, आजरा, चंदगड या तालुक्यांतून मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्या माणसांच्या पिढ्या होऊन गेल्या. गिरण्या बंद पडल्या, तरी पोटासाठी घराबाहेर राहण्याची रीत संपली नाही. वडील मुंबईला, पुण्याला किंवा सैन्यात आणि मूल आजी-आजोबांजवळ, हे चित्र इथे नवे नाही. गणपतीला आलेले वडील परत जाताना मुलाला रडू आले तर ‘मुलग्यासारखा मुलगा आणि रडतोस?’ म्हणून त्याला गप्प केले जाते. पुढच्या आठवड्यात तो शाळेत जायला तयार होत नाही, तेव्हा या दोन गोष्टींची सांगड घालण्याचे कोणाच्या मनातही येत नाही.

दुसरी गोष्ट भाषेची. हा सीमाभाग आहे. बेळगाव इथून कोल्हापूरपेक्षा जवळ. काही घरांत कानडी बोलली जाते, तर काही घरांतील मराठीचा बाज पाठ्यपुस्तकातील मराठीहून अगदी निराळा असतो. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत गेलेल्या मुलावर आणखी एका भाषेचा भार पडतो. नव्या भाषेत पडलेले मूल काही महिने केवळ ऐकत राहते आणि मग हळूहळू बोलू लागते. हे मौन आजार नव्हे. मात्र त्याच काळात त्याच्या उच्चाराला वर्ग हसला, तर साधे मौन भीतीत गोठू शकते.

तिसरी गोष्ट शिष्यवृत्तीची. शिष्यवृत्ती आणि नवोदय परीक्षांत मुले चमकवणे हा कोल्हापूर जिल्ह्यातील अनेक शाळांचा अभिमानाचा विषय आहे आणि तो अभिमान कष्टाने मिळवलेला आहे. शाळा भरण्यापूर्वीचे तास, सुटीतील सराव, प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे, यांसाठी शिक्षक पदरमोडही करतात. त्या कष्टांविषयी कोणी उणा शब्द काढू नये. परंतु गुणवत्ता यादीत आलेल्यांचे फलक चौकात लागतात, तेव्हा त्याच बाकावर बसून वर्षभर तितकाच सराव केलेल्या आणि यादीत न आलेल्या दहा वर्षांच्या मुलाने त्या चौकातून घरी कसे जावे, याचाही विचार कोणीतरी करायला हवा.

आदेश आला, प्रशिक्षक कुठून येणार?

विशाखापट्टणम येथे वैद्यकीय प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या सतरा वर्षांच्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यावर २५ जुलै २०२५ रोजी निकाल देताना न्यायालयाने देशभरातील शाळा, महाविद्यालये व शिकवणी वर्ग यांच्यासाठी पंधरा मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. कायदा होईपर्यंत ती बंधनकारक आहेत. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने प्रशिक्षित समुपदेशक किंवा मानसतज्ज्ञ नेमावा. त्याहून लहान संस्थेने बाहेरील तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडून ठेवावा. अध्यापक आणि अध्यापकेतर अशा सर्व कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा मानसिक आरोग्याविषयीचे प्रशिक्षण मिळावे. अध्यापकेतर हा शब्द विशेष महत्त्वाचा आहे. शाळेचा शिपाई आणि आहार शिजवणाऱ्या मावशी यांना मूल जे सांगते, ते पुष्कळदा मुख्याध्यापकांना कधीच कळत नाही.

कागदावर हे सारे स्वागतार्ह आहे. गडहिंग्लजपासून सुमारे वीस किलोमीटर दक्षिणेला असलेल्या नेसरीच्या पंचक्रोशीतील, दोन शिक्षक आणि तीस-चाळीस मुले असलेल्या वाडीवरील शाळेत ते पोहोचणार कसे, हा खरा प्रश्न आहे. आपल्याकडे प्रशिक्षणे वरून खाली झिरपतात. राज्य पातळीवर काही जण शिकतात, ते जिल्ह्याला शिकवतात, जिल्हा तालुक्याला आणि तालुका केंद्राला. या प्रवासात प्रत्येक पायरीवर काहीतरी गळते. शेवटच्या शिक्षकाच्या हाती पडते ती एक पुस्तिका, एक चित्रफीत आणि हजेरीपत्रकावरील सही. मतदारयादीपासून ऑनलाइन माहिती भरण्यापर्यंतच्या अशैक्षणिक कामांनी वाकलेल्या शिक्षकाला हे आणखी एक ओझे वाटले, तर त्यात नवल नाही.

प्रशिक्षण दिले की काम भागले, असे मानणाऱ्यांनी एक अनुभव अवश्य पाहावा. गोव्यात १९९६ साली स्थापन झालेल्या ‘संगत’ या संस्थेने बिहारमधील नालंदा जिल्ह्यात ७४ शासकीय माध्यमिक शाळांत ‘सेहेर’ नावाचा प्रयोग केला. शाळेतील वातावरण सुधारावे, दादागिरी कमी व्हावी, मुलांचे मन हलके व्हावे, हा त्याचा हेतू होता. काही शाळांत हे काम त्याच शाळेतील शिक्षकाकडे सोपवले, काही शाळांत त्यासाठी स्थानिक भागातील, मानसशास्त्राची पदवी नसलेली पण नीट तयार केलेली स्वतंत्र व्यक्ती नेमली. २०१८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. स्वतंत्र व्यक्ती असलेल्या शाळांत वातावरण स्पष्टपणे सुधारले होते आणि मुलांमधील खिन्नताही घटली होती. शिक्षकाकडे काम सोपवलेल्या शाळांत मात्र उल्लेखनीय फरक पडला नाही. इंग्लंडमध्ये नऊ-दहा वर्षांच्या मुलांची चिंता कमी करण्यासाठी घेतलेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीतही असेच दिसले. तोच पाठ आरोग्य कर्मचाऱ्यांनी घेतला तेव्हा वर्षभरानंतर चिंता कमी झालेली आढळली, शाळेच्या कर्मचाऱ्यांनी घेतला तेव्हा तसे आढळले नाही.

यावरून शिक्षक या कामास अपात्र ठरतात काय? तसे म्हणणे घाईचे होईल. शिक्षकाकडे आधीच असलेल्या दहा कामांत अकरावे काम म्हणून समुपदेशन कोंबले, तर ते होत नाही, एवढेच यातून सिद्ध होते. शिवाय जो परीक्षा घेतो, गुण देतो आणि प्रसंगी रागावतो, त्याच माणसासमोर मन उघडे करणे मुलाला जड जाते. म्हणून शिक्षकाने उपचारक व्हावे ही अपेक्षा बाजूला ठेवलेली बरी. शिक्षकाने आपला रोजचा तासच असा घ्यावा की भ्यालेले मूल त्यात टिकून राहील, ही अपेक्षा निराळी आहे. तिच्यासाठी वेगळा तास लागत नाही, वेगळी सवय लागते. दार्जिलिंगच्या डोंगराळ भागातील प्राथमिक शाळांत शिक्षकांना तयार करण्याचा जो उपक्रम चालला, त्याचा भर याच गोष्टीवर आहे. स्वतंत्र समुपदेशनाच्या बैठकांऐवजी शिकवतानाच मुलाला आधार देण्याच्या रीती तिथे शिक्षकांना शिकवल्या जातात.

कोल्हापुरातील पायवाट

याचे उदाहरण शोधायला दूर जाण्याची गरज नाही. साहित्यिक ना. सी. फडके यांच्या कन्या लीलाताई पाटील यांनी शिक्षक घडवण्याच्या क्षेत्रात दीर्घ काळ काम केले आणि त्यानंतर १९८५ साली कोल्हापुरात ‘सृजन आनंद विद्यालय’ ही मराठी माध्यमाची प्राथमिक शाळा सुरू केली. शिक्षक कसा असावा हे प्रशिक्षणार्थींना वर्षानुवर्षे सांगणाऱ्या बाईंनी ते स्वतः शाळा काढून पडताळून पाहावे, ही गोष्टच विलक्षण होती. शिक्षा, धाक आणि जीवघेणी स्पर्धा यांना त्या शाळेने उंबऱ्याबाहेर ठेवले. मुलांच्या प्रश्नांना उत्तरांइतकाच मान मिळाला. परिसरातील माणसे, कामे आणि वस्तू अभ्यासाचा भाग झाल्या. लीलाताईंनी आपले अनुभव सातत्याने लिहून ठेवले. २०२० साली त्यांचे निधन झाले, तोवर महाराष्ट्रातील अनेक शिक्षकांनी त्या लेखनातून वर्गाकडे पाहण्याची निराळी दृष्टी घेतली होती.

त्यांच्याही आधी ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासह भावनगरला बालशिक्षणाचे काम केले आणि पुढे बोर्डी-कोसबाडच्या परिसरात अनुताई वाघ यांच्या साथीने ते आदिवासी मुलांपर्यंत नेले. मारल्याशिवाय मूल शिकते, हे त्या काळी लोकांना पटवून द्यावे लागत होते. आज तो कायदा आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळालाही बंदी केली. छडी बहुतेक ठिकाणी गेली, हे खरे. टोमणा मात्र पुष्कळ वर्गांत अजून नांदतो आहे, कारण त्याचा वळ दिसत नाही.

आणि कर्मवीर भाऊराव पाटील? कुंभोजच्या जैन कुटुंबात जन्मलेल्या या महापुरुषाने १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली, हे प्रत्येकाला ठाऊक असते. खेड्यात शाळा काढायच्या तर खेड्यातील मूल समजणारा शिक्षक आधी हवा, हे ओळखून त्यांनी १९३५ साली साताऱ्यात ग्रामीण शिक्षकांसाठी अध्यापक विद्यालय सुरू केले, याचा उल्लेख त्या मानाने कमी होतो. इमारतीआधी शिक्षक, हा त्यांचा क्रम होता. पुढच्या काळात आपल्या अनेक संस्थांनी तो उलटा केला.

प्रशिक्षणात नेमके काय असावे

पहिली गोष्ट म्हणजे पाहायला शिकणे. एक साधी वही पुरते. कोणते मूल, कोणत्या वारी, कोणत्या तासाला पोट दुखते म्हणते, वारंवार लघुशंकेला जाते, गैरहजर राहते, याची महिनाभर नोंद ठेवली की आकृती दिसू लागते. सोमवारी सकाळी दुखणारे आणि रविवारी न दुखणारे पोट बरेच काही सांगते. मात्र नोंद झाली की थेट मनाकडे उडी मारू नये. जंत, रक्तक्षय, कमी दिसणे, कमी ऐकू येणे यांची तपासणी आधी व्हावी. फळ्यावरचे दिसतच नाही म्हणून वाचनाला घाबरणाऱ्या मुलाला धीर नको असतो, चष्मा हवा असतो. अक्षरे ओळखण्यातच अडचण असलेल्या मुलाची भीती हा परिणाम असतो आणि कारण अध्ययन अक्षमतेत दडलेले असते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने या अक्षमतेला मान्यता दिली आहे.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे आणि प्रशिक्षणाचा बहुतांश वेळ तिला द्यायला हवा. समजा, पाचवीतील एक मुलगी मोठ्याने वाचायला घाबरते. कडक शिक्षक तिला दटावून उभे करतात. ती थरथरते, चुकते, मुले हसतात आणि भीती पक्की होते. मायाळू शिक्षिका म्हणतात, ‘राहू दे बाळ, तू बस.’ मुलीला क्षणात हायसे वाटते. पण त्या हायसे वाटण्यातून तिचा मेंदू एक धडा शिकतो. तो असा की वाचन खरोखरच धोक्याचे होते आणि टाळल्यामुळे आपण वाचलो. पुढच्या वेळी भीती थोडी वाढलेलीच असते. काही महिन्यांनी शिक्षिका तिला विचारणेच सोडून देतात. दटावणी आणि दया, दोन्हींनी तिला एकाच कोपऱ्यात नेऊन बसवले.

मधली वाट पायऱ्यांची आहे. शिक्षिकेने मुलीला जवळ बसवून, दोघींनी मिळून कागदावर शिडी काढावी. सर्वांत खालच्या पायरीवर मधल्या सुटीत फक्त बाईंना दोन ओळी वाचून दाखवणे. त्यावर शेजारच्या मैत्रिणीला वाचून दाखवणे. मग चौघींच्या गटात. मग आपल्या जागी बसून, बाईंच्या आवाजात आवाज मिसळून, पूर्ण वर्गात. मग बसूनच, पण एकटीने. मग उभे राहून. फळ्यासमोर उभे राहणे सर्वांत शेवटी. प्रत्येक पायरीवर शून्य ते दहांत भीती किती, हे मुलीनेच सांगावे. एका पायरीवरची भीती ओसरेपर्यंत तीच पुन्हा पुन्हा करावी, घाई करू नये आणि माघारही घेऊ नये. एखाद्या दिवशी ती दोन पायऱ्या घसरली तर तीही साधी बाब मानावी. भीती पूर्ण जाण्याची वाट पाहायची नसते. भीती असतानाही काम करता येते, हे मुलीला कळायचे असते. मानसोपचारात क्रमाक्रमाने सामोरे जाण्याची जी पद्धत रूढ आहे, तिचे हे वर्गातील रूप. यासाठी शिक्षिकेला पदवी लागत नाही, पण सराव लागतो आणि तो व्याख्यान ऐकून होत नाही. प्रशिक्षणात शिक्षकांनीच मूल होऊन, शिक्षक होऊन ही शिडी चढून पाहायला हवी.

वर्ग चालवण्याच्या लहानसहान गोष्टींतही खूप काही करता येते. अचानक बोट दाखवून प्रश्न विचारण्याऐवजी ‘उद्या चौथा प्रश्न तुला विचारणार आहे’ असे आदल्या दिवशी सांगितले तर भ्यालेले मूल तयारीने येते. प्रश्न विचारल्यावर पाच-सात सेकंद शांतपणे थांबले तर जी मुले कधीच हात वर करत नाहीत, त्यांचेही हात वर येतात. उत्तर आधी शेजाऱ्याला सांगा, मग वर्गाला, ही रीतही उपयोगी पडते. चाचणीचे गुण मोठ्याने वाचून दाखवणे, हुशार आणि मागे पडलेल्यांच्या निरनिराळ्या रांगा, परिपाठात चुकलेल्या मुलाची सर्वांसमोर दुरुस्ती, या गोष्टी बंद करायला कोणत्याही निधीची गरज नाही.

बोलण्याची रीतही शिकावी लागते. ‘त्यात काय घाबरायचे?’ या वाक्याने आजवर कोणाची भीती गेलेली नाही. ‘काही होत नाही’ हेही फार काळ पुरत नाही. मूल पुन्हा पुन्हा तेच विचारत राहते आणि धीर देणारा थकतो. त्याऐवजी ‘तुला धास्ती वाटते आहे, दिसते आहे मला. पहिली ओळ आपण मिळून वाचू’ असे म्हटले तर भीतीला नाव मिळते आणि कृतीला सुरुवातही होते.

तिसरी गोष्ट मर्यादेची. शिक्षकाने रोगाचे निदान करू नये आणि मुलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट शिक्षककक्षात चहाबरोबर वाटू नये. मूल कुठेच बोलत नाही, आठवडेच्या आठवडे शाळेत येत नाही, खाणे-झोप सुटली आहे, जगण्याविषयी निराशेचे बोलते आहे, अशा वेळी तज्ज्ञांकडेच जायला हवे. बोलण्यातून लैंगिक अत्याचाराचा संशय आला, तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार ते पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. तिथे गावाची किंवा घराण्याची अब्रू आड येऊ देता येत नाही. गडहिंग्लजचे उपजिल्हा रुग्णालय आणि कोल्हापूरचे सीपीआर रुग्णालय हे सरकारी मार्ग आहेत. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ या सेवेचा १४४१६ हा क्रमांक कोणत्याही वेळी, विनाशुल्क लागतो. तो मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या कपाटात असण्यापेक्षा मुलांच्या नजरेसमोर भिंतीवर असावा.

पालकांना सोबत घेतल्याखेरीज यातले काही टिकत नाही. घरी मुलाला मायेने शाळा चुकवू दिली आणि शाळेत बाई शिडी चढवत राहिल्या, तर मूल दोन्हींच्या मध्ये लोंबकळते. अमेरिकेत कनेक्टिकट येथे गोल्डा गिन्सबर्ग यांनी शिक्षकांसाठी तयार केलेल्या कार्यक्रमात शिक्षक, पालक आणि मूल यांनी एकत्र बसून पुढचे पाऊल ठरवण्यावर भर आहे. आपल्याकडे वडील मुंबईला असतील तर त्या बैठकीला आजोबा येतील आणि वडील फोनवरून बोलतील. तेही चालेल. घरात पाहुण्यांसमोर ‘म्हणून दाखव’ म्हणून मुलाला पुढे ढकलणे, पाठशाळेत स्तोत्र अडखळले की शेजारच्या मुलाशी तुलना करणे, या प्रेमापोटी होणाऱ्या गोष्टींचाही विचार त्या बैठकीत निघावा.

शिक्षकाच्या स्वतःच्या मनाचे काय, हा प्रश्न मात्र प्रशिक्षणाच्या कार्यक्रमपत्रिकेत क्वचितच असतो. निकालाची टक्केवारी, पटसंख्या घटल्याने शाळा राहील की जाईल ही धाकधूक, तपासणीला येणारे अधिकारी, विनाअनुदानित शाळेतील तुटपुंजा पगार, यांचे दडपण घेऊन जो वर्गात शिरतो, त्याचा आवाज चढायला वेळ लागत नाही. मुले तो चढलेला आवाज आधी ऐकतात, शब्द नंतर. शिक्षकांना महिन्यातून एकदा, कोणत्याही अहवालाविना, आपापल्या वर्गातील अवघड प्रसंग एकमेकांना सांगता आले तरी पुष्कळ होईल. त्यासाठी नवी व्यवस्था उभारण्याचीही गरज नाही. केंद्रशाळेत भरणारी शिक्षण परिषद आहेच. तिच्यातील परिपत्रकांचे वाचन अर्ध्या तासाने कमी करावे लागेल, इतकेच.

आपल्या समाजातील दानशूर मंडळी शाळांना वर्गखोल्या, संगणक, वह्या देत आली आहेत. आहार, औषध, शास्त्र आणि अभय या चार दानांत शास्त्रदानाला आपल्याकडे मोठा मान आहे आणि तो योग्यच आहे. चौथ्याचा विचार शाळेच्या संदर्भात सहसा होत नाही. नालंदा जिल्ह्यातील प्रयोगाने दाखवले आहे की पदवीधर मानसतज्ज्ञ मिळाला नाही, तरी नीट तयार केलेली एक स्थानिक व्यक्ती शाळेचे वातावरण बदलू शकते. एका केंद्रातील दहा-बारा शाळांसाठी अशी एक व्यक्ती नेमायची, तिला कोल्हापूर किंवा बेळगावच्या तज्ज्ञांचे मार्गदर्शन मिळवून द्यायचे आणि तिच्या मानधनाची व एस.टी.च्या भाड्याची तरतूद करायची, हे काम एखाद्या ट्रस्टला पेलणारे आहे. शिक्षक वर्गात शिडी धरतील, ही व्यक्ती महिन्यातून दोनदा येऊन अडलेल्या मुलांकडे पाहील. सुरुवात पुढच्या जूनमध्ये, पहिलीत नव्याने येणाऱ्या मुलांपासून करता येईल. आईचा पदर न सोडणारे मूल पहिल्या आठवड्यात दारातून वर्गात कसे आणायचे, एवढा एकच विषय पहिल्या प्रशिक्षणाला पुरेसा आहे.